खुराकातलं तेल आणि दुधातलं फॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुधाचं फॅट घसरलं की पहिला प्रश्न असतो, "आता काय खायला घालू?" बऱ्याचदा मला सांगावं लागतं, "नवं काही घालू नका, मागच्या पंधरवड्यात घातलेलं काढा." जनावरांच्या आहाराचं काम करताना तेच ते प्रश्न फोनवर आणि गोठ्यात पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कोणताही प्रश्न सुटा वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. खुराकाचे टक्के सांगितले आहेत ते शुष्क पदार्थावर, म्हणजे चारा-खुराकातलं पाणी वजा करून.

१. गाईला तेल दिलं की दुधाचं फॅट वाढणारच ना?

नाही. तेल पोटात गेलं, रक्तात आलं आणि कासेत उतरलं, असा सरळ रस्ता गाईच्या शरीरात नाही. मध्ये कोटीपोट आहे: शंभर लिटरहून मोठी आंबवण्याची टाकीच, आणि तिच्यात अब्जावधी जिवाणू. गव्हाणीतला प्रत्येक घास आधी त्यांच्या तावडीतून जातो. त्यामुळे तेल दिल्यावर फॅट थोडं वाढेल, आहे तिथेच राहील किंवा पार निम्म्यावर येईल, यातलं काहीही होऊ शकतं. ते ठरतं तेलाच्या जातीवर (प्रश्न ३), प्रमाणावर (प्रश्न ६), रूपावर (प्रश्न ७ आणि ९) आणि सोबतच्या चाऱ्यावर. पेंडीवर मोकळं तेल ओतलं तर निकाल बहुतेक वेळा उलटा लागतो, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

२. मग दुधातलं फॅट येतं कुठून?

दोन वाटांनी, आणि ढोबळमानाने निम्मं-निम्मं.

पहिली वाट चाऱ्याची. तंतुमय चारा कोटीपोटात आंबला की ॲसिटेट तयार होतं, तेच सौम्य आम्ल जे व्हिनेगरमध्ये असतं. कास हे ॲसिटेट रक्तातून उचलते आणि दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत मेदाम्लाची (फॅटी ॲसिडची, ज्यापासून फॅट बनतं) साखळी विणते. ४ ते १४ कार्बनची जवळपास सगळी मेदाम्लं आणि १६ कार्बनचं, म्हणजे पामिटिक आम्ल, अंदाजे निम्मं असं कासेतच बनतं. दुसरी वाट रक्तातल्या तयार मेदाची. राहिलेलं पामिटिक आणि १८ कार्बनची सगळी मेदाम्लं तिथून येतात, खुराकातल्या तेलातून किंवा गाईच्या अंगावरच्या चरबीतून.

म्हणजे दुधातलं निम्मं फॅट तेलाच्या थेंबाशिवाय, नुसत्या चाऱ्यातून बनतं. पहिली वाट बंद पडली तर दुसऱ्या वाटेने कितीही ओता, भर निघत नाही. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. कोटीपोटात गेलेल्या तेलाचं नेमकं काय होतं?

पहिल्या टप्प्यात जिवाणू तेलाचे रेणू फोडून मेदाम्लं सुटी करतात. दुसऱ्या टप्प्यात असंतृप्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून त्यांना संतृप्त करतात. सोयाबीन, मका, सूर्यफूल, करडई यांच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, आणि ते सुट्या रूपात जिवाणूंना, त्यातही चारा पचवणाऱ्या जिवाणूंना, विषासारखं असतं. स्वतःच्या बचावासाठी जिवाणू त्याचं रूपांतर करतात: लिनोलेइक, मग सीएलए (लिनोलेइकचंच थोडं बदललेलं रूप), मग व्हॅक्सेनिक आणि शेवटी स्टिअरिक आम्ल. म्हणून गाईने पातळ तेल खाल्लं तरी दुधातला सुमारे ७० टक्के मेद संतृप्तच निघतो.

घोटाळा होतो तो या साखळीने वळण बदलल्यावर. कोटीपोट आंबट झालं, चारा कमी पडला किंवा तेलाचा मारा जिवाणूंना पेलवेनासा झाला, की जिवाणूंची वस्ती बदलते आणि साखळी आडवाटेला लागते. त्या वाटेवर 'ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए' नावाचं मेदाम्ल तयार होतं. नाव लांबलचक, मात्रा चिमूटभर. पण कासेत पोचलं की मेद बनवणारी यंत्रणाच मंदावते. त्याचा प्रताप पुढच्या प्रश्नात.

४. भाताचा कोंडा आणि थोडं तेल वाढवलं, दहा दिवसांत फॅट ४.० वरून २.८ वर आलं. गाय ठणठणीत आहे, दूधही तेवढंच देते. हा कुठला आजार?

रूढ अर्थाने आजार नाही. याला दुग्धमेद घट म्हणतात आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं अगदी पाठ्यपुस्तकातली आहेत: फॅट पडतं, पण दूध, प्रथिनं आणि लॅक्टोज (दुधातली साखर) जागच्या जागी राहतात. गाय सुस्त असेल, शेण पातळ असेल, वैरण टाकून देत असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे कोटीपोट फार आंबट झाल्याचा, म्हणजे ॲसिडोसिसचा, संशय धरून डॉक्टरांना बोलवा.

हे कोडं जुनं आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो याने १८४५ मध्येच अशी घट नोंदवली होती. पुढे शंभरहून जास्त वर्षं ॲसिटेट कमी पडतं, इन्शुलिन वाढतं अशी कारणं मांडली गेली, पण एकाही कारणाने सगळ्या गाईंचा हिशोब जुळेना. २००० साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वर सांगितलेलं ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए दिवसाला फक्त १० ग्रॅम, कोटीपोट टाळून, थेट चौथ्या पोटात सोडलं. चार-पाच दिवसांत फॅट चाळीस टक्क्यांहून जास्त घसरलं. त्याचं जुळं भावंड शोभेल असं सिस-९, ट्रान्स-११ सीएलए तेवढंच सोडल्यावर काहीच झालं नाही. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे. किलोच्या हिशोबात पेंड मोजणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

तुमच्या गोठ्यात बहुधा तीन गोष्टी एकत्र आल्या असतील. तेल काढून न घेतलेल्या भाताच्या कोंड्यात १२ ते १८ टक्के तेल असतं आणि त्यात लिनोलेइकचा वाटा मोठा. शिवाय तो साठवणीत पटकन खवट होतो, कारण त्यातलंच विकर (एन्झाइम) तेल फोडून मेदाम्लं मोकळी करतं. त्यावर वेगळं तेल पडलं. आणि खुराक वाढला तसा चारा गाईने आपोआप कमी खाल्ला. यातलं एखादंच कारण असतं तर कदाचित निभावलं असतं. खाद्यात मोनेन्सिन (कोटीपोटातल्या जिवाणूंवर काम करणारं औषध) असेल तर धोका आणखी वाढतो; पिशवीवरची चिठ्ठी वाचून घ्या.

५. चूक सुधारली. फॅट पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील?

दोन ते तीन आठवडे धरा. उतरायला जेवढे दिवस लागतात त्याहून चढायला थोडे जास्तच लागतात, कारण जिवाणूंची वस्ती परत बसावी लागते. चौथ्या दिवशी निराश होऊन खुराक पुन्हा बदलू नका. मी पाहिलेले निम्मे घोळ याच घाईतून झालेले आहेत: आठवड्यात तीन बदल, आणि मग कशाने काय झालं ते कुणालाच कळत नाही.

हाच हिशोब मागेही लावा. आज फॅट पडलेलं दिसत असेल तर कारण कालच्या गव्हाणीत शोधू नका, आठ-दहा दिवसांमागे जा.

६. एकूण तेल किती चालतं? एक आकडा सांगा.

एका आकड्यात बसवायचं तर: चारा, खुराक, पेंड, वरून दिलेलं सगळं धरून शुष्क पदार्थाच्या ६ टक्के, फार तर ७.

दिवसाला २० किलो शुष्क पदार्थ खाणारी गाय घ्या. साध्या चारा-खुराकात वेगळं काहीही न घालता ३ टक्क्यांच्या आसपास मेद असतोच, म्हणजे ६०० ग्रॅम. सहा टक्क्यांची मर्यादा म्हणजे १,२०० ग्रॅम. वरून घालायला जागा उरते ६०० ग्रॅमची. पण ही सगळी जागा मोकळ्या तेलाची नाही. मोकळं तेल २०० ग्रॅमच्या पुढे गेलं की मी सावध होतो, ४०० च्या पुढे जाऊ देत नाही. उरलेली जागा अख्ख्या बियांसाठी (प्रश्न ७) किंवा बायपास फॅटसाठी (प्रश्न ९).

अख्खं सरकी बी, मका, डीडीजीएस (धान्यातून अल्कोहोल काढल्यावर उरलेला चोथा), भाताचा कोंडा आणि घाणीची पेंड एकाच गव्हाणीत असतील तर तेलाची बाटली न उघडताही मर्यादा ओलांडली जाते. प्रत्येक वस्तू थोडीच आहे असं वाटतं, बेरीज मात्र कुणी करत नाही.

आणखी एक. मेद वाढवला की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही वाढवा, साधारण ०.९ ते १ टक्का आणि ०.३ टक्का. मेदाम्लं या खनिजांना धरून साबण बनवतात आणि ते शेणावाटे निघून जातात.

७. तेल देण्यापेक्षा अख्खं बी द्यावं का? सरकी, सोयाबीन, जवस?

होय. टरफलाच्या आत बंद असलेलं तेल रवंथ करताना हळूहळू सुटतं. जिवाणूंना ते तासातासाने थोडं थोडं मिळतं, एकदम अंगावर येत नाही. तेवढंच तेल मोकळं दिलं तर नुकसान, बियातून दिलं तर बहुधा काही नाही.

सरकी माझी आवडती. १८ ते २० टक्के तेल, २३ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि वर चिकटलेल्या तंतूंचा चारा, असं एकाच दाण्यात सगळं. ओंजळीत घेऊन पाहा: पांढरा लव असलेला दाणा कोटीपोटातल्या चाऱ्याच्या थरात अडकून राहतो, तळाला बसत नाही, आणि रवंथाला पुन्हा वर येतो. मोठ्या गाईला दिवसाला दोन, फार तर तीन किलो पुरे. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठी गाय बऱ्यापैकी पचवते, पण ज्याचं कोटीपोट अजून घडलेलं नाही अशा वासराला सरकी देऊ नका. बुरशी लागलेली सरकी तर कुणालाच नको.

सोयाबीनमध्ये २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. ते भाजून आणि भरडून द्या, पीठ करून नाही. पीठ केलं की टरफलाचा पहारा गेला आणि ते मोकळ्या तेलासारखंच वागायला लागतं. जवस आणि मोहरी यांचं गणित उलटं. बी इतकं बारीक आणि टणक की अख्खं दिलं तर बरंचसं तसंच शेणात उतरतं. शेण पाण्यात धुऊन चाळणीत पाहा, दाणे मोजता येतात. त्यांना भरडावंच लागतं, आणि भरडलं की तेल झपाट्याने सुटतं, म्हणून प्रमाण लहान ठेवावं.

८. घाणीची पेंड आणि डीओसी यांत फॅटच्या दृष्टीने काय फरक?

तेलाचा. दाबून तेल काढलेल्या पेंडीत ६ ते १० टक्के तेल राहतं, द्रावकाने काढलेल्या डीओसीत १-२ टक्के. प्रथिनांसाठी दोन्ही चांगल्या. सहाव्या प्रश्नातली बेरीज करताना कोणती वापरता ते लक्षात घ्या, बस.

९. बायपास फॅट म्हणजे काय? ते खरंच कोटीपोट टाळून जातं?

टाळून काहीच जात नाही, वाट तीच आहे. फरक इतकाच की जिवाणूंना ते ओळखीचं वाटत नाही.

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली कॅल्शियमची. पाम तेलातल्या मेदाम्लांना कॅल्शियम जोडून केलेला एक प्रकारचा साबण, त्यात सुमारे ८४ टक्के मेद आणि ९ टक्के कॅल्शियम. कोटीपोट सहाच्या वर पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तेवढं जास्त आंबट) राखून असेल तोवर हा साबण फुटत नाही. चौथ्या पोटात पीएच दोन-तीनवर उतरतो, तिथे तो फुटतो आणि मेदाम्लं लहान आतड्यात शोषली जातात. यातली मेख लक्षात आली का? कोटीपोटच आंबट असेल तर साबण तिथेच फुटू लागतो आणि असंतृप्त भाग मोकळा होतो. म्हणजे ज्या गोठ्यात चारा कमी आणि धान्य भरमसाट, तिथे ही ढाल नेमकी गरजेच्या वेळी गळून पडते.

दुसरी जात संतृप्त मेदाची: गोठवून बारीक दाणे केलेलं पामिटिक किंवा पामिटिक-स्टिअरिक. जिवाणूंनी त्याला हायड्रोजन जोडावा असं काही शिल्लकच नसतं, आणि कोटीपोटाच्या उष्णतेला ते वितळतही नाही.

पिशवीत काय आहे ते घरी पाहता येतं. काचेच्या पेल्यात उकळतं पाणी घ्या, चमचाभर माल टाका आणि ढवळा. संतृप्त मेदाचे दाणे वितळून वर तेलाचा तवंग येतो. कॅल्शियमचा साबण वितळत नाही, गढूळ राहतो. त्यात व्हिनेगर घालून गरम करत ठेवलं तर तो फुटतो आणि मगच तवंग दिसू लागतो, चौथ्या पोटात होतं तसंच. यातून जात कळते, दर्जा नाही. दर्जासाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

१०. महिनाभर बायपास फॅट दिलं. दूध वाढलं, फॅटचा आकडा हलला नाही. माल बनावट असेल का?

असेलच असं नाही. मेदात धान्याच्या सव्वादोन पट ऊर्जा असते. ती ऊर्जा गाईने दूध वाढवायला वापरली तर टक्का तोच राहूनही एकूण फॅट वाढलेलं असतं. २० लिटरला ३.८ टक्के म्हणजे ७६० ग्रॅम. २२ लिटरला ३.८ टक्के म्हणजे ८३६ ग्रॅम. टक्क्याकडे बघत बसलात तर हे ७६ ग्रॅम दिसतच नाहीत.

शिवाय दोन्ही जातींचं काम वेगळं. कॅल्शियमच्या जातीत ओलेइक आम्ल बरंच असतं; तिचा जोर दूध आणि अंगावरचं मांस राखण्यावर. टक्का वाढवायचा असेल तर पामिटिक जास्त असलेली जात उपयोगी, त्यातून दोन ते चार दशांशांची वाढ दिसू शकते. दोन दशांश वाढले तर समाधान माना. "एक पॉइंट वाढेल" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला आधी तुमचा चारा बघायला सांगा.

कॅल्शियमच्या जातीची चव गाईंना पहिल्या आठवड्यात रुचत नाही. ५० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि हळूहळू २०० ते ४०० ग्रॅमवर जा. गव्हाणीत तळाला पावडर उरत असेल तर हिशोबात ती धरू नका.

११. फॅट वाढलं, पण एसएनएफ घसरलं. दूध पातळ झालं का?

एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, मुख्यतः प्रथिनं आणि लॅक्टोज. इथे दोन निराळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात.

एक खरी घसरण. खुराकात मेद वाढवला की दुधातल्या प्रथिनांचा टक्का साधारण ०.१ ते ०.२ ने उतरतो, मुख्यतः केसीन. जिवाणूंना मेदातून वाढीसाठी ऊर्जा मिळत नाही. धान्य काढून त्या जागी मेद घातला तर जिवाणू कमी वाढतात आणि गाईला त्यांच्या शरीरातून मिळणारं प्रथिन कमी होतं. दूध वाढल्याने टक्का विरळही होतो. म्हणून मेद धान्याच्या जागी नको, धान्यासोबत द्या, आणि प्रथिनांकडे लक्ष ठेवा. लॅक्टोज जवळजवळ हलत नाही, कारण कासेत पाणी खेचणारा घटकच तो आहे. लॅक्टोज जेवढं, दूध तेवढं.

दुसरी भासमान. लॅक्टोमीटर घनता मोजतो आणि मेद पाण्याहून हलका. फॅट एका टक्क्याने वाढलं तर बाकी सगळं तेच असूनही डिग्री जवळजवळ एकाने खाली येते. नुसती डिग्री पाहून पाणी घातल्याचा आरोप करणं म्हणूनच चुकीचं. फॅट आणि डिग्री दोन्ही धरून एसएनएफ काढावं.

१२. खुराक तोच, तरी सकाळी फॅट ३.४ आणि संध्याकाळी ४.३. कोणता आकडा खरा?

दोन्ही. रात्रीचं अंतर मोठं असलं की कासेत दूध जास्त साठतं आणि टक्का उतरतो. खुराकाचा निकाल लावायचा तर दोन्ही वेळच्या दुधाची सरासरी, दुधाच्या वजनाप्रमाणे, आणि निदान तीन दिवसांची घ्या.

धार पूर्ण निघते का हेही पाहा. पहिल्या धारेत फॅट एक-दोन टक्केच असतं, शेवटच्या धारेत सात-आठ किंवा अधिकही. एका गोठ्यात महिनाभर फॅट का पडतं म्हणून खुराकाची चाळण केली, काही सापडेना. शेवटी धारेच्या वेळी जाऊन उभा राहिलो. यंत्र लवकर काढलं जात होतं आणि उरलेलं वासराला. वासरू मात्र गुटगुटीत. तिथेच दुसरी चूकही दिसली: कॅन न ढवळता खालच्या तोटीतून नमुना काढला जात होता आणि साय वर तरंगत होती. खुराकाला हात लावण्याआधी कॅन वरखाली ढवळून नमुना घ्या.

१३. व्यायल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात फॅट ५.५ आलं. खुराक जमला म्हणायचा?

उलट काळजी करा. व्यायल्यावर गाय जेवढं दूध देते तेवढं खाऊ शकत नाही. तूट ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते आणि ती चरबी सरळ दुधात दिसते. फॅटला प्रथिनाने भागून पाहा. भागाकार १.४-१.५ च्या वर असेल तर गाय झपाट्याने वाळते आहे आणि किटोसिसचा (अंगावरची चरबी फार वेगाने वापरल्याने होणाऱ्या आजाराचा) धोका आहे. एकाच्या खाली आला, म्हणजे फॅट प्रथिनापेक्षाही कमी, तर चौथा प्रश्न वाचा.

या काळात जास्त पामिटिक असलेलं बायपास फॅट दिलं तर दुधातलं फॅट वाढतं खरं, पण गाईचं वजनही अधिक उतरतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. मी पहिले तीन आठवडे ते टाळतो. चांगली वैरण आणि गव्हाणीत ऐसपैस जागा यांवर भर देतो.

१४. खाण्याचा सोडा दिला की फॅट वाढतं म्हणतात. खरं का?

कोटीपोट आंबट असेल तर वाढतं, नसेल तर नाही. दिवसाला १५० ते २०० ग्रॅम ही नेहमीची मात्रा. पण सोडा म्हणजे उसनी लाळ. लांब चारा चावताना आणि रवंथ करताना गाय जी लाळ गिळते तिच्यात हाच पदार्थ फुकट आणि कितीतरी जास्त असतो. धारेनंतर तास-दोन तासांनी गोठ्यात शांत उभं राहा. बसलेल्या, न झोपलेल्या गाईंपैकी निम्म्या रवंथ करताना दिसत नसतील तर चारा कमी आहे किंवा फार बारीक कुट्टी झालेली आहे. तेलाचा विषय त्यानंतर.

१५. जवस दिलं की दुधात ओमेगा-३ उतरतं का?

उतरतं, पण आशेपेक्षा फार थोडं. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं, तरी बहुतेक भाग तिसऱ्या प्रश्नातल्या कारखान्यात संतृप्त होतो. सीएलएची गोष्ट जरा रंजक: दुधातलं चांगलं समजलं जाणारं सिस-९, ट्रान्स-११ सीएलए बहुतांशी कोटीपोटात नाही, कासेतच व्हॅक्सेनिक आम्लापासून बनतं. हिरव्या कुरणावर चरणाऱ्या गाईंच्या दुधात ते म्हणूनच ठळकपणे जास्त असतं.

१६. खुराक बदलल्यापासून लोणी वेगळं लागतं: कधी मऊ, कधी कडक. दुधालाही वास येतो.

लोण्याचा मऊपणा असंतृप्त मेदाम्लांवर ठरतो. हिरवा चारा, सोयाबीन, जवस यांनी लोणी मऊ पडतं. पामिटिकने ते कडक होतं. कॅनडात २०२१ च्या सुरुवातीला लोणी बाहेर ठेवूनही मऊ होत नाही अशी लोकांची तक्रार इतकी वाढली की पाममेदाचा वापर हा जाहीर वादाचा विषय झाला आणि दूधउत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने सदस्यांना पर्याय शोधायला सांगितलं.

वासाचं कारण वेगळं. असंतृप्त मेद वाढला की दूध हवेतल्या ऑक्सिजनने लवकर बिघडतं आणि पुठ्ठ्यासारखा वास येतो. खुराकात ई-जीवनसत्त्व पुरेसं ठेवलं आणि तांबं-लोखंडाचा दुधाशी संपर्क टाळला तर तो आटोक्यात राहतो.

१७. नारळाचं तेल आणि माशाचं तेल यांनाही हेच नियम?

नाही, दोन्ही अपवाद. नारळाच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. ते संतृप्त आहे म्हणून निरुपद्रवी असेल असा समज होतो, पण ते कोटीपोटातल्या एकपेशीय जिवांना आणि चारा पचवणाऱ्या जिवाणूंना मारतं. गाईचं खाणंच कमी होतं. माशाचं तेल आणखी तिखट. त्यातली लांब मेदाम्लं तिसऱ्या प्रश्नातल्या साखळीची शेवटची पायरी अडवतात, आणि दिवसाला २००-३०० ग्रॅम तेलाने फॅट धडाक्यात खाली येतं.

१८. म्हैस आणि शेळीलाही हे लागू आहे का?

म्हशीला तत्त्व लागू, फक्त तिचा आकडा मुळातच सहा-सातच्या पुढे असतो, त्यामुळे घसरण लवकर लक्षात येत नाही. शेळीचं मात्र चमत्कारिक आहे: वनस्पती तेल दिलं की शेळीच्या दुधात फॅट सहसा वाढतं. गाईचे आकडे तिला लावू नका, आणि शेळीपालक शेजाऱ्याचा सल्ला गाईला लावू नका.

१९. वीस गाईंना एकच खुराक, एकीचंच फॅट पडतं. तेलाचा दोष कसा म्हणायचा?

म्हणू नकाच. आधी चारही सड तपासा. कासदाहाची सुरुवात असू शकते. मग ती गाय वेताच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा, कारण दूध शिगेला पोचतं तेव्हा फॅट नीचांकाला असतं. यातून काही निघालं नाही तर गव्हाणीसमोर अर्धा तास बसा. काही गाया नाकाने खालचं ढवळून पेंड आणि दाणे वेचतात, कडबा बाजूला सारतात. अशी गाय कागदावर इतरांसारखाच आहार घेते, पोटात मात्र चारा कमी आणि तेल-धान्य जास्त जातं. कुट्टीवर थोडं पाणी शिंपडून मिसळा, म्हणजे दाणे चिकटतात आणि तिला निवडता येत नाही.